कायदेशीर स्थलांतरितांची मदत कापली, तर पैसे नेमके कुणाचे वाचतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: "बेकायदेशीर आलेल्यांचं समजू शकतो, पण अमेरिकेने आता कायदेशीर आलेल्यांचीही सरकारी मदत कमी केली आहे. पैसे वाचत असतील तर त्यात चूक काय? कर भरणाऱ्यांनी का सोसायचं? आणि माझ्या आईबाबांचं ग्रीन कार्ड नुकतंच झालंय, त्यांना याचा फटका बसेल का?"

तुमची खरी काळजी शेवटच्या वाक्यात आहे असं मला वाटतं. त्याकडे येतेच. पण आधी पैशांचं बोलू, कारण तो हिशेब नीट कळला की आईबाबांचं उत्तर बरंचसं त्यातूनच निघतं.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं एका काउंटीच्या समाजसेवा कार्यालयात होते. फूड स्टँप (अन्नधान्यासाठीची सरकारी मदत), मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) यांचे अर्ज तपासायचे आणि कोण पात्र, कोण अपात्र ते ठरवायचं, हे माझं टेबल. आता एका रुग्णालयाच्या आर्थिक मदत विभागात आहे. इथे विमा नसलेल्या पेशंटचं बिल कुठल्या खात्यात बसतंय ते शोधायचं असतं. म्हणजे पूर्वी ज्याला मी "अपात्र" लिहून परत पाठवलं असतं, तोच माणूस आता माझ्यासमोर बिल घेऊन बसतो. त्यामुळे माझं मत या दोन खुर्च्यांवरून बनलेलं आहे, हे आधीच सांगून टाकते.

सरळ उत्तर हवं असेल तर: हो, पैसे वाचतात. ज्या तिजोरीने कात्री चालवली, तिचे वाचतात. सगळ्या तिजोऱ्यांची बेरीज केली तर किती वाचतात, हे मदत कुणाची कापली यावर अवलंबून आहे. ज्याच्यामागे मुलगा, नोकरी, साठवलेला पैसा असा काही आधार आहे, त्याची मदत कापली तर बचत बऱ्याच अंशी टिकते. ज्याच्यामागे काहीच नाही, त्याचा खर्च थोड्या दिवसांनी दुसऱ्या दारातून येतो, आणि बहुतेक वेळा वाढून येतो.

आता "कायदेशीर स्थलांतरित" म्हणजे कोण, ते पाहू. इथे आपल्या लोकांचाही फार गोंधळ असतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याला फूड स्टँप किंवा एसएसआय कधीच मिळत नव्हतं, आजही नाही. तो सोशल सिक्युरिटीचा आणि मेडिकेअरचा (मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा) कर मात्र पहिल्या पगारापासून भरतो. ग्रीन कार्डवाल्याला काही गोष्टी मिळतात, पण मुदतीनंतर. निर्वासित म्हणून आलेल्याला लगेच मिळायच्या. आणि सोशल सिक्युरिटी वेगळी, एसएसआय वेगळं. सोशल सिक्युरिटी ही नोकरीत कर भरून कमावलेली पेन्शन. एसएसआय ही गरीब वृद्धांना आणि अपंगांना सरकारी तिजोरीतून मिळणारी मदत. कट्ट्यावर "म्हाताऱ्यांना इकडे आणलं की पेन्शन सुरू होते" असं कुणी म्हणतं तेव्हा त्याने या दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे इथे साधारण दहा वर्षांचं काम, म्हणजे ४० तिमाह्या भरल्याशिवाय ती पेन्शन मिळत नाही.

तरी त्या कट्ट्यावरच्या तक्रारीला कधीकाळी आधार होता, हे मान्य करायला हवं. १९८२ मध्ये एसएसआय घेणारे नागरिक नसलेले लोक सव्वा लाखाच्या आसपास होते. १९९५ पर्यंत ते पावणेआठ लाखांच्या वर गेले. त्यात निर्वासित होते, पण मुलांनी बोलावून घेतलेले आईवडीलही पुष्कळ होते. तेव्हाचा नियम असा की, अर्ज तपासताना स्पॉन्सर करणाऱ्या मुलाचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात काही वर्षंच धरायचं. ती मुदत संपली की चांगल्या पगाराच्या मुलाचे आईवडीलही कागदावर कफल्लक ठरायचे. आणि "मी यांना सांभाळीन" असं मुलाने दिलेलं हमीपत्र कोर्टात टिकत नव्हतं. ही फट बुजवायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली तो कायदा फट बुजवून थांबला नाही. त्यानंतर येणाऱ्या बहुतेक ग्रीन कार्डवाल्यांना केंद्राच्या मदतीसाठी पाच वर्षं थांबायची अट घातली. शिवाय जे आधीपासून इथे राहत होते आणि मदत घेत होते, त्यांचंही एसएसआय आणि फूड स्टँप बंद करायचं ठरलं. सहा वर्षांत अंदाजे ५४ अब्ज डॉलर वाचतील असा हिशेब होता आणि त्यातले जवळपास ४४ टक्के एकट्या स्थलांतरितांच्या कपातीतून येणार होते. गरिबांच्या मदतीची संपूर्ण पद्धत बदलायला निघालेला कायदा, आणि त्यातली जवळपास निम्मी बचत ज्यांना मत देता येत नाही त्यांच्याकडून! मला यात धोरणापेक्षा सोय जास्त दिसते. सही करतानाच क्लिंटन म्हणाले होते की हा भाग अती झालाय आणि तो दुरुस्त करावा लागेल.

पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. एसएसआय बंद होणार अशी पत्रं निघाली तेव्हा अंदाजे पाच लाख लोकांवर गदा येणार होती. नर्सिंग होममधल्या, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांनाही "तुम्ही नागरिक आहात का, पुरावा द्या" अशा आशयाची पत्रं जाऊ लागल्यावर राज्यपाल हादरले, कारण ही माणसं उद्या राज्याच्या आणि काउंटीच्या दारात येणार हे त्यांना दिसत होतं. १९९७ मध्येच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, आधीपासून एसएसआय घेत असलेल्यांचं एसएसआय परत सुरू केलं. फूड स्टँप नऊ लाखांहून अधिक लोकांचे खरोखरच बंद झाले होते. त्यातली मुलं, वृद्ध आणि अपंग यांचे १९९८ मध्ये परत आले आणि २००२ च्या शेती कायद्याने बाकी बऱ्याच जणांना पाच वर्षांनंतर, मुलांना तर न थांबता, ते पुन्हा मिळू लागले. मधल्या काळात कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी स्वतःच्या पैशाने पर्यायी योजना काढल्या. वॉशिंग्टनच्या वहीत बचत दिसली आणि कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रमेंटोच्या वहीत, खर्च.

आणखी एक परिणाम झाला. लोक नागरिकत्वाच्या रांगेत उभे राहिले. १९९७ मध्ये १४ लाखांवर अर्ज आले. त्याला १९८६ च्या माफीखाली कायदेशीर झालेले लोक पात्र होऊ लागले हेही कारण होतं, सगळं श्रेय कपातीला देता येणार नाही. पण नागरिक झालं की अट संपते हे ज्याला कळतं तो नागरिक होतो आणि बचत तिथेच आटते. मागे राहतात ते इंग्रजी न येणारे, आजारी, फीचे पैसे नसलेले. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, तेच नेमके अटीत अडकतात.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगते. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी २००३ मध्ये दाखवलं की ज्या राज्यांनी स्थलांतरितांची मदत जास्त कापली, तिथे आरोग्य विमा असलेल्या स्थलांतरितांचं प्रमाण अपेक्षेइतकं घसरलं नाही. लोकांनी काम वाढवलं, विमा देणाऱ्या नोकऱ्या धरल्या. मला हे पटतं. काउंटीत असताना मीही असे तरुण पाहिले, ज्यांना नकार मिळाल्यावर त्यांनी गोदामात पूर्णवेळ काम शोधलं. पण हे पस्तिशीच्या धडधाकट माणसाचं झालं. सत्तरीच्या आजीला कोण नोकरी देणार?

आता माझ्या राज्याचं उदाहरण देते, कारण ते मी जवळून पाहिलं. २००८ च्या मंदीनंतर सगळ्याच राज्यांची तिजोरी रिकामी होती. न्यू जर्सीने २०१० मध्ये राज्याच्या आरोग्य योजनेतून, इथे पाच वर्षं पूर्ण न झालेले प्रौढ कायदेशीर स्थलांतरित काढून टाकले. सुमारे १२,००० लोक. प्रकरण कोर्टात गेलं आणि राज्य जिंकलं. मॅसॅच्युसेट्सने २००९ मध्ये तेच केलं होतं, तिथे तीस हजारांच्या आसपास लोक होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१२ मध्ये ती कपात घटनाबाह्य ठरवली. पैसे वाचवणं एवढंच कारण सांगून एका गटाला वेगळं काढता येणार नाही, असा त्याचा गाभा. कारण असं की, केंद्र सरकारला स्थलांतरितांमध्ये भेद करायची मोकळीक १९७६ च्या एका निकालाने दिली आहे, पण राज्यांना ती तशी नाही. १९७१ चा निकाल राज्यांना अडवतो. राज्य केंद्राच्या नियमामागे किती लपू शकतं यावर वेगवेगळ्या कोर्टांनी वेगवेगळं म्हटलं आहे. म्हणून "अमेरिकेत कायदेशीर लोकांना काय मिळतं" या प्रश्नाला एक उत्तर नाही. हडसन नदीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरं.

न्यू जर्सीच्या त्या १२,००० लोकांचं पुढे काय झालं? काही जणांना नोकरीतून विमा मिळाला, काहींची पाच वर्षं यथावकाश भरली. बाकीचे रुग्णालयात आले. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या माणसाला विमा आहे की नाही हे न पाहता तपासावं आणि स्थिर करावं लागतं. न्यू जर्सीत त्यापुढे "चॅरिटी केअर" आहे: कमी उत्पन्नाच्या माणसाचं रुग्णालयातलं बिल माफ होतं आणि त्याचा काही भाग राज्य रुग्णालयाला भरून देतं, उरलेला रुग्णालय सोसतं. म्हणजे राज्याने डाव्या हाताने विमा काढून घेतला आणि उजव्या हाताने बिलाचा हिस्सा भरला.

यात पैशाचं गणित कसं फिरतं ते डायलिसिसमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. नियमित विमा असलेला माणूस आठवड्यातून तीनदा केंद्रात जातो, खुर्चीत चार तास बसतो आणि घरी जातो. ज्याला फक्त आपत्कालीन मेडिकेड आहे, त्याला काही राज्यांत पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाईपर्यंत किंवा फुप्फुसात पाणी भरेपर्यंत थांबावं लागतं. मग ॲम्ब्युलन्स, आपत्कालीन विभाग, कधी आयसीयू, डायलिसिस, घरी. आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. टेक्सासमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात नियमित डायलिसिसवर आणलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाले आणि महिन्याला माणशी पाच हजार डॉलरहून अधिक वाचले. ते रुग्ण कागदपत्रं नसलेले होते, तुमच्या आईबाबांसारखे नव्हते. पण पाच वर्षांच्या अटीत अडकलेल्या ग्रीन कार्डवाल्याचीही केंद्राच्या मेडिकेडमध्ये तीच जागा असते: आपत्कालीन तेवढंच.

अटी लावायचा खर्चही असतोच. काउंटीच्या टेबलावर ग्रीन कार्ड आलं की मी फोटोकडे नंतर पाहायचे. आधी "कॅटेगरी"खालचा कोड, मग "रेसिडेंट सिन्स"ची तारीख. आयआर५ म्हणजे अमेरिकन नागरिकाचे आईवडील, एफ४१ म्हणजे नागरिकाचं भावंड, आरई६ म्हणजे निर्वासित म्हणून येऊन नंतर ग्रीन कार्ड घेतलेला. यातल्या पहिल्या दोघांना पाच वर्षांची अट, तिसऱ्याला नाही. एका अक्षराने सगळा निकाल उलटतो. मग ए-नंबर, म्हणजे स्थलांतरिताचा सरकारी नोंदणी क्रमांक, "सेव्ह" नावाच्या केंद्रीय प्रणालीत टाकायचा. नाव जुळलं तर काही सेकंदांत उत्तर, नाही जुळलं तर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आणि थांबणं. आणि आपल्या बायकांची नावं जुळतात कुठे! पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव आणखी तिसरंच. दक्षिणेकडच्या पुष्कळांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा, म्हणून इथल्या कागदावर अख्खं नाव आडनावाच्या जागी आणि पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे नाव अज्ञात. मग स्पॉन्सरचं हमीपत्र, त्याचे कराचे कागद, कामाच्या तिमाह्या, नवऱ्याच्या तिमाह्या बायकोला धरता येतात का... एवढं सगळं करून कित्येकदा निकाल काय, तर महिन्याचे फूड स्टँप नाकारले. डोंगर पोखरून उंदीर. त्या पोखरण्याचा पगार बचतीच्या बातमीत सहसा दिसत नाही.

आणि जे पात्र असतात तेही घाबरून पळतात. १९९४ ते १९९७ या काळात मदत घेणाऱ्या नागरिक नसलेल्या कुटुंबांचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं, नागरिक कुटुंबांचं १४ टक्क्यांनी. अर्थव्यवस्था तेव्हा तेजीत होती, घट सगळ्यांचीच झाली, पण एवढा फरक नियमांनी पडत नाही, भीतीने पडतो. कित्येक घरांत मुलं इथे जन्मलेली, जन्मतः अमेरिकन नागरिक. त्यांचा हक्क शाबूत. पण "अर्ज केला तर आमचं ग्रीन कार्ड अडेल" म्हणून आईवडील मुलांचंही नाव काढून घेतात. २०१९ मध्ये "सरकारवर भार" होईल अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारायचे नियम कडक झाले तेव्हा मी हे पुन्हा पाहिलं. २०२१ मध्ये ते नियम मागे घेतल्यावरही लोक महिनोन् महिने परत आले नाहीत. ज्यांची मदत कापायचीच नव्हती असं सरकार म्हणतं, त्यांचीही "बचत" त्यात मोजली जाते.

आता सध्याचं. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने १९९६ च्या चौकटीला आणखी आवळलं. फूड स्टँप आता नागरिक, ग्रीन कार्डवाले, क्यूबा-हैतीचा विशिष्ट दर्जा असलेले आणि पलाऊ, मायक्रोनेशिया, मार्शल बेटांचे करारानुसार आलेले लोक, एवढ्यांनाच. निर्वासित आणि आश्रय मिळालेले यादीतून बाहेर. त्यांनी ग्रीन कार्ड होईपर्यंत थांबायचं. मेडिकेडची तशीच यादी १ ऑक्टोबर २०२६ पासून लागू होते.

यातला निर्वासितांचा भाग मला सर्वांत अविचारी वाटतो. निर्वासिताला ग्रीन कार्डासाठी अर्ज करायलाच एक वर्ष थांबावं लागतं. म्हणजे ज्याला सरकारने स्वतः निवडून, तपासून, विमानात बसवून आणलं, त्याला पहिल्याच वर्षी, खिशात काही नसताना आणि भाषा येत नसताना धान्याची मदत नाही. त्याला स्पॉन्सर मुलगा नाही, पुण्यात फ्लॅट नाही. हा खर्च शहरावर, चर्चवर, फूड बँकेवर जाणार.

मेडिकेअरचा बदल आपल्या लोकांनी नीट वाचावा असा आहे. तिथेही तीच छोटी यादी लागू झाली. एच-१बी वर वीस-वीस वर्षं काम करून, दर पगाराला मेडिकेअरचा कर भरून, भारताच्या ग्रीन कार्डाच्या लांबलचक रांगेत अडकलेला माणूस ६५ वर्षांचा झाला आणि कार्ड आलेलं नसेल, तर त्याला मेडिकेअर नाही. ज्यांना आधीच चालू आहे पण दर्जा यादीत बसत नाही, त्यांचं ४ जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायचं आहे. याला मदत कापणं म्हणणं मला जड जातं. पैसे घेऊन वस्तू न देणं ते हेच.

राज्यांनाही याचा चटका बसणार आहे. फूड स्टँपच्या प्रशासकीय खर्चात राज्यांचा वाटा ५० वरून ७५ टक्के होतो आहे आणि २०२८ च्या आर्थिक वर्षापासून ज्या राज्यात चुकांचं प्रमाण जास्त, त्याला मदतीच्या रकमेचाही हिस्सा भरावा लागणार. आता वरचं ए-नंबर आणि नावांचं रामायण आठवा. नियम जितके गुंतागुंतीचे, तितक्या चुका जास्त. म्हणजे केंद्र नियम अवघड करणार आणि चुकल्याबद्दल दंड राज्य भरणार.

"कर भरणाऱ्यांनी का सोसायचं?" या तुमच्या वाक्यावर थोडंसं. हे कायदेशीर लोकही कर भरतात, हे एक. दुसरं, नॅशनल अकॅडमीजच्या २०१६ च्या मोठ्या अहवालात असं दिसलं की पहिल्या पिढीचा खर्च राज्यांवर आणि गावांवर जास्त पडतो, मुख्यतः मुलांच्या शाळेमुळे. पण त्याच मुलांची पिढी मोठी होऊन देशातल्या सर्वांत जास्त निव्वळ कर देणाऱ्यांत गणली जाते. त्यामुळे मुलांच्या आरोग्यात आणि खाण्यात कात्री लावणं हे पैशाच्या दृष्टीनेसुद्धा आतबट्ट्याचं. काँग्रेसनेच २००९ मध्ये राज्यांना मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी पाच वर्षांची अट सोडायची मुभा दिली, ती उगीच नाही.

मग माझं मत काय? स्पॉन्सर केलेल्या आईवडिलांच्या बाबतीत अट योग्य आहे. मुलाने लिहून दिलंय, त्याने सांभाळावं. तिथे बचत खरी असते, कारण आधार खरा असतो. मुलं, गरोदर स्त्रिया, निर्वासित आणि कर भरून हक्क कमावलेले यांच्या बाबतीत मी विरोधात आहे. तुम्हाला हे सोयीस्कर वाटेल. पण रुग्णालयाच्या टेबलावर मला या दोन गटांचे बिलाचे कागद वेगळे दिसतात. एकाचा मुलगा क्रेडिट कार्ड काढतो, हप्ते ठरवतो. दुसऱ्याचं बिल फिरून तुमच्याआमच्याच करात आणि विम्याच्या हप्त्यात येतं.

आता तुमच्या आईबाबांकडे येते. तुम्ही त्यांच्यासाठी सही केलेलं आय-८६४ हे हमीपत्र आजच्या कायद्यात बंधनकारक आहे. तुमचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के आहे, असं तुम्ही त्यात दाखवलंय. ही जबाबदारी ते नागरिक होईपर्यंत, त्यांच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत, ते देश कायमचा सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत राहते. तुमचा घटस्फोट झाला, नोकरी गेली तरी सुटका नाही. आणि "पाच वर्षं झाली की सगळं मिळतं" हा समज सोडा. पाच वर्षांनंतरही ते नागरिक नसतील तर एसएसआय आणि फूड स्टँपसाठी तुमचं उत्पन्न त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं, आणि सॉफ्टवेअरच्या पगारात ते बसत नाही.

तुम्हाला खरा फटका बसणार तो आरोग्य विम्यात. आतापर्यंत पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड न मिळणाऱ्या ग्रीन कार्डवाल्याला, उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलं तरी, सरकारी मार्केटप्लेसवर विकत घेतलेल्या विम्याच्या हप्त्यासाठी कर सवलत मिळायची. आपल्या कित्येक आईबाबांचा विमा त्यावरच चालत होता. जानेवारी २०२६ पासून ती सोय बंद झाली आहे. सवलतीशिवाय साठीतल्या माणसाचा हप्ता महिना हजार डॉलरच्या आसपास सहज जातो.

इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही सवलत अजून आहे, फक्त उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर हवं. २०२६ च्या विम्यासाठी दोघांच्या कुटुंबाला ती रेषा २१,१५० डॉलर धरली आहे. बाबांची महाराष्ट्रातली पेन्शन, एफडीचं व्याज, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, हे सगळं इथल्या कर विवरणात दाखवावं लागतंच. ते मिळून रेषेच्या वर जात असेल आणि आईबाबा तुमच्यापासून वेगळं, दोघांचं मिळून एक विवरणपत्र भरत असतील, तर ते सवलतीला पात्र असू शकतात. तुम्ही त्यांना स्वतःच्या विवरणात आश्रित दाखवलं तर तुमचं उत्पन्न मोजलं जातं आणि सवलत बहुधा जाते. दोन्ही प्रकारे आकडेमोड करून पाहा. उत्पन्न फुगवून मात्र दाखवू नका. आणि भेटीला आलेल्यांसाठीचा प्रवासी विमा घेऊन वेळ मारून नेऊ नका. बीपी, शुगर अशा जुन्या दुखण्यांवर तो बहुतेक वेळा हात वर करतो.

पाच वर्षं सलग राहून झाली आणि वय ६५ असेल तर मेडिकेअर विकत घेता येतं, काम केलेलं नसलं तरी. २०२६ मध्ये भाग ए महिना ५६५ डॉलर आणि भाग बी २०२.९० डॉलर. दोघांचे मिळून दीड हजारांच्या वर. ही रक्कम आत्तापासून घराच्या अंदाजपत्रकात धरा. "सलग" हा शब्द महत्त्वाचा आहे. आईबाबा दिवाळीला गेले आणि आंबे खाऊनच परतले असं झालं, तर दोन अडचणी. सहा महिन्यांहून लांब गैरहजेरी नागरिकत्वाच्या मोजणीत आडवी येते. आणि १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेल्या ग्रीन कार्डवाल्याला परत येताना नव्याने प्रवेश मागणारा समजलं जाऊ शकतं. मग "सरकारवर भार होतील का" हा प्रश्न विमानतळावर पुन्हा निघू शकतो.

नागरिकत्व घ्यायचं की नाही हा घरचा निर्णय, कारण भारतीय पासपोर्ट जातो आणि बऱ्याच आईवडिलांना ते जिवावर येतं. घ्यायचं ठरलं तर इंग्रजीच्या परीक्षेतून सूट ५० वर्षांपुढच्यांना २० वर्षांच्या आणि ५५ वर्षांपुढच्यांना १५ वर्षांच्या ग्रीन कार्डानंतरच मिळते. म्हणजे आत्ता आलेल्या साठीतल्या माणसाने इंग्रजी लिहा-वाचायची तयारी आजपासून केलेली बरी. ग्रंथालयांत त्याचे फुकट वर्ग असतात.

तुम्ही कुठल्या राज्यात आहात हे लिहिलेलं नाही. राज्याची वेगळी योजना आहे का, यावर बरंच ठरेल. ते कळवा. सोबत आईबाबांच्या कार्डावरचा कोड आणि "रेसिडेंट सिन्स"ची तारीखही सांगा. ए-नंबर मात्र इथे जाहीर टाकू नका.